सावेकाकांचा थांबलेला स्लॅब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बांधकाम कंपनीचे संस्थापक आदरणीय आत्मारामशेठ, व्यासपीठावर उपस्थित असलेले सरावलीच्या या कामगार वसाहतीचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो आहोत ते आपले जनरल फोरमन श्री. नरहरी सावे, म्हणजे आपले सावेकाका, केळव्याहून आलेल्या उषाकाकू आणि सावे परिवार, माझे सहकारी इंजिनिअर, गवंडी, फिटर, सेंट्रिंगवाले, पंप चालवणारे, माल उचलणारे आणि आजच्या जेवणाची जबाबदारी घेतलेल्या दमयंतीमावशी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव ज्ञानेश्वरी. मी या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. माझं नाव पुकारल्यावर मागच्या रांगेतल्या काही जणांचा हात डोक्याकडे गेला, ते मी पाहिलं. आज हेल्मेट नसलं तरी चालेल.

मला भाषणाची सवय नाही. सूचना देण्याची आहे. दोन्हींत फरक असा की सूचना कोणी ऐकत नाही आणि भाषणाला निदान टाळ्या मिळतात.

मघाशी मानपत्राचं वाचन झालं. फार चांगलं लिहिलं आहे. काकांची शिस्त, त्यांचा आवाज, त्यांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर, सगळं त्यात आलं आहे. मात्र त्यात एक वाक्य असं आहे : 'ज्यांनी सुरू केलेला एकही स्लॅब कधी अर्ध्यावर थांबला नाही.' त्या वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. अध्यक्ष महोदयांची परवानगी गृहीत धरून सांगते, ते वाक्य बरोबर नाही. एक स्लॅब थांबला होता.

आज सकाळी काकांचा मला फोन आला. "बाय, त्या स्लॅबचं काय बोलू नको हां. जाता जाता कशाला?" मी 'नाही बोलणार' असं म्हटलं नव्हतं. 'ऐकलं' असं म्हटलं होतं. आत्ता ते माझ्याकडे बघत नाहीयेत, म्हणजे त्यांना फरक कळला आहे.

इथे घरची मंडळी बसली आहेत. स्लॅब थांबला तर एवढं काय बिघडलं, असं त्यांना वाटेल. त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्यच. सकाळी नारळ फुटतो, काँक्रीट वर चढवणाऱ्या पंपाला हळदकुंकू लागतं आणि माल पडायला सुरुवात होते. तो एकदा पडायला लागला की शेवटच्या कोपऱ्यापर्यंत थांबायचं नसतं. आधीचा माल घट्ट झाला की नवा माल त्याला नीट धरत नाही, मध्ये सांधा राहतो, आणि छतात कुठे सांधा आहे हे पावसाच्या पाण्याला कोणी सांगावं लागत नाही. म्हणून अर्ध्यावर थांबलेला स्लॅब ही फोरमनची नामुष्की समजली जाते. गावोगावचे फोरमन एकमेकांना ओळखतात, आणि असल्या गोष्टी विसरत नाहीत.

दुसरा रिवाज जेवणाचा. स्लॅब झाला की सगळ्यांना मटणभात. पण शेवटची पाटी पडल्याशिवाय पातेल्याचं झाकण उघडत नाही. हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नाही आणि माझ्या संपूर्ण नियमावलीपेक्षा कडक पाळलं जातं.

काका माझं ऐकत नव्हते, असा कोणी समज करून घेऊ नये. वाऱ्याचं तर त्यांना कधी सांगावं लागलं नाही. जोराच्या वाऱ्यात पत्रे वर चढवू नका, असं मी पहिल्यांदा सांगायला गेले, तेव्हा ते आधीच पत्र्यांना दोर बांधत होते. "आमच्या वाडीत पोफळी वाकतात म्हणून टिकतात," ते म्हणाले. "पत्र्याला वाकता येत नाय. तो सरळ उडतो." मे महिन्याच्या उन्हाचंही तसंच. पाण्याचे माठ खाली ठेवले तर वरचा माणूस तहान दाबून काम करतो, म्हणून माठ काम चालू असलेल्या मजल्यावरच हवेत, हे मी म्हटलं आणि त्या दुपारी माठ वर गेले. कोणी नेले, तर काकांनी. स्वतः.

अडचण एकच होती. वीज.

समुद्रकाठच्या माणसाला आभाळ वाचता येतं, पण तो ते पश्चिमेकडे तोंड करून वाचतो. पाऊस तिकडून येतो, वादळ तिकडून येतं, बोटी तिकडून येतात. ऑक्टोबरमधली वीज मात्र डोंगराकडून येते, म्हणजे त्याच्या पाठीमागून. तो समुद्राकडे बघून 'साफ आहे' म्हणतो, आणि ते खरंही असतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर महिना, आजूबाजूला भाताची कापणी चाललेली. मोठ्या स्लॅबचा दिवस होता, आणि हा आपला शेवटचा मोठा स्लॅब, असं काकांनी स्वतःच आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं होतं. सकाळी नारळ फुटला. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "काका, हवामान खात्याचा इशारा आहे, दुपारनंतर गडगडाट होईल. थांबायची वेळ आलीच तर कुठल्या रेषेवर थांबायचं, ते आत्ताच ठरवू या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मांडवात उभी राहून मुलीच्या घटस्फोटाचा विषय काढला.

"नारळ फुटलाय, बाय. आता थांबायचं नाव काढायचं नाय."

मी नाव काढलं नाही. धोक्याचा हूटर तपासून ठेवला.

दुपार झाली. निम्म्यापेक्षा जास्त स्लॅब भरला होता. पूर्वेला मनोरच्या डोंगरांवर आभाळ काळं व्हायला लागलं. मी काकांना म्हटलं, "मागे बघा."

ते आधी पुढे बघत होते. "हे बघ आभाळ. धुतल्यासारखं हाय."

"ते समुद्राकडचं. मागचं बघा."

त्यांनी मान वळवली. "तो ढग तिकडचा. मनोरला पडंल, नायतर मासवणला. इकडं कशाला येतोय?"

दमयंतीमावशी मासवणच्या. त्या शेजारीच चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मासवनला पडला तर तुमाला चालंल काय, नरहरभाऊ?"

तेवढ्यात डोंगरावर वीज चमकली. मी मोठ्याने आकडे मोजायला लागले. यात चमत्कार काही नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजायचं. तीस व्हायच्या आत आवाज आला, तर उघड्यावरचं काम सोडून पक्क्या आडोशाला जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. माझी मोजणी तिसाच्या बरीच अलीकडे अडली. वर स्लॅबवर माणसं लोखंडाच्या जाळीवर उभी होती आणि त्यांच्या डोक्यावर पंपाची लांब मान आभाळात गेली होती. चहूकडे कापलेली भातशेतं. त्या सगळ्या परिसरात सगळ्यात उंच काय असेल, तर ती मान.

"एवढा गाळा होऊ दे," काका म्हणाले. "एवढीच पट्टी राहिलीय."

मी हूटर वाजवला.

आता बोईसर-तारापूरच्या माणसाला हूटर म्हणजे काय? पहिली पाळी, दुसरी पाळी, चहा, सुट्टी. इथे दिवसभर कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा हूटर वाजत असतो, आणि आपला नसेल तर तो ऐकू न येण्याची सवय सगळ्यांच्या कानांना झालेली आहे. सरावाच्या दिवशी सगळे शिस्तीत उतरले होते, कारण हूटर वाजणार असल्याचं मी आधीच सांगितलं होतं. त्या दिवशी वरच्या एकानेही मान उचलली नाही. पाइप धरलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "आज उधर की शिफ्ट जल्दी छूट गई क्या?" शेजाऱ्याने खिशातून मोबाइल काढून वेळ पाहिली आणि परत ठेवून दिला. भाग्येश तेव्हा काकांचा सहायक होता. तोही वरच होता. त्याने तर हूटर ऐकून एकाला सांगितलं, "चल, चल, हात उचल, त्यांची सुट्टी झाली, आपली नाय."

मी पुन्हा हूटर वाजवला. तोच परिणाम.

काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांना मी एकच वाक्य बोलले. "काका, वीज ज्यांच्यावर पडते, त्यांचीही एवढीच पट्टी राहिलेली असते."

त्यांनी पश्चिमेला पाहिलं. मग पूर्वेला पाहिलं. मग वर माणसांकडे पाहिलं. मग जिन्याच्या तोंडाशी गेले आणि ओरडले. त्यांचा आवाज आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

"जेवन वाढलंय रे! पयला उतरंल त्याला मटनाची नळी!"

जिन्यावरून पळू नये, हा माझाच नियम आहे. त्या दिवशी तो कोणी मोडल्याचं माझ्या पाहण्यात आलं नाही. मी दुसरीकडे बघत होते. पंपवाल्याने मान मिटवून घेतली आणि तोही उतरला. वर कोणी राहिलं नाही.

खाली मावशी झाकणावर हात ठेवून उभ्या. "जेवन कोनी वाढलं? भात अर्धा कच्चा हाय!"

"मावशी, सगळे आधी गोदामात चला," मी म्हटलं. "तुमच्या ताडपत्रीला लोखंडी खांब आहेत. इथे थांबता येणार नाही."

"आनि भात खाली लागला म्हंजे? तू खाशील?"

"खाईन."

मावशी आल्या. पुढे मी तो भात खाल्ला. त्याविषयी अधिक बोलत नाही.

सिमेंटच्या पक्क्या गोदामात आणि मजुरांच्या बसमध्ये सगळे दाटीवाटीने बसले. बाहेर गडगडाट, आत उपाशी माणसं. एकाने विचारलं, "काका, नळी कुटाय?"

"शिजतेय."

"आनि भात?"

"तोपन शिजतोय."

"मग वाढलं कुनी?"

"कुनी नाय. गप बस."

पाऊस आला, आभाळ कडाडलं, आणि थोड्या वेळाने सगळं समुद्राकडे निघून गेलं. मघाशी धुतल्यासारखं होतं, त्याच बाजूला. वीज आमच्या साइटवर पडली नाही. शेजारी पडली नाही. माझ्या माहितीप्रमाणे सरावलीत कुठेच पडली नाही. मी अर्धा तास मोजत दारात उभी होते आणि मागून प्रश्न येत होते. "मॅडम, पडली का?" नाही. "मग आता पडेल का?" सांगता येत नाही. "बादलवाली मॅडम को भी नहीं पता," कोणीतरी म्हणालं, आणि सगळं गोदाम हसलं. मला असं म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नाव वाईट नाही.

तोवर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांमधला माल वापरण्यासारखा राहिला नव्हता. तो परत गेला. स्लॅब थांबला.

आम्ही वर गेलो. काका एका बाजूला गेले आणि सेंट्रिंगच्या ढिगाखालून त्यांनी फळ्या ओढून काढल्या. मापाला कापलेल्या, सळ्यांसाठी खाचा पाडलेल्या. थांबायचंच झालं तर छताला सगळ्यात कमी धोका ज्या रेषेवर असतो, तिथे उभ्या करायच्या फळ्या. त्या सकाळीच तयार करून ठेवलेल्या होत्या.

मी म्हटलं, "थांबायचं नाव काढायचं नाही म्हणालात ना?"

"नाव कुटं काढलं? फळ्या कापल्या."

माल त्या रेषेच्या थोडा पुढे गेला होता. चांगला पडलेला माल खरवडून मागे घेणं ही काही सोपी गोष्ट नाही. हाताला जड जातं, मनाला त्याहून जास्त. काकांनी फावडं दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

संध्याकाळी शेठ आले. ते जेवणासाठी आले होते आणि त्यांना अर्धा स्लॅब दिसला. शेठ, हे सांगण्याची परवानगीही मी गृहीतच धरते. शेठनी विचारलं, "कुणी थांबवला?"

त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची माझी तयारी होती. इशारा, मोजणी, नियम, सगळं माझ्याजवळ होतं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी."

'मॅडम म्हणाल्या म्हणून' असं ते म्हणू शकले असते. ते खोटंही ठरलं नसतं. सांगणारी मी होतेच. पण आमच्या क्षेत्रात सांगणाऱ्यांची कमतरता नाही. सूचना मी देते, फलक मी लावते. ज्याच्या नावाला धक्का लागणार असतो, त्याने थांबवावं लागतं. आणि तेही कशासाठी? न पडलेल्या विजेसाठी. थांबलेला स्लॅब सगळ्यांना दिसतो. न पडलेली वीज कोणाला दाखवता येते का? मी बरीच वर्षं अभ्यास केला, पण ती दाखवायचं यंत्र मला मिळालेलं नाही.

शेठ म्हणाले, "चला, जेवून घेऊ," आणि करपट भाताच्या पंगतीला बसले.

त्यानंतर काकांनी काय ऐकून घेतलं, ते इथे अनेकांना ठाऊक आहे. काहींनी ते ऐकवलंही आहे. पालघरच्या एका फोरमनचा रोज सकाळी फोन यायचा, "काय नरहरशेट, आज आभाळ कसं हाय? स्लॅब भरू ना?" एकाने तर त्यांना छत्री भेट पाठवली. काका हसायचे. पण काकूंनी मला सांगितलं की त्यानंतरचा रविवार त्यांनी सगळा वाडीत काढला, पोफळींना पाणी घालत, आणि जेवायला हाक मारली तरी लवकर आले नाहीत. शेवटचा मोठा स्लॅब, आणि नेमका तोच.

आता सर्वांनी कृपया वर बघावं.

आपण ज्या सभागृहात बसलो आहोत, त्याचंच हे छत. तो स्लॅब हाच. सांधा नेमका कुठे आहे, हे मी सांगणार नाही. शोधा. यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर काका बॅटरी घेऊन इथे यायचे आणि त्या रेषेखालून मान वर करून चालत जायचे. वसाहतीच्या रखवालदाराला वाटायचं, यांचं काहीतरी हरवलं आहे. एक थेंबही आला नाही. पूर्ण पावसाळाभर नाही. काका, तुम्ही हात हलवून मला 'पुरे' म्हणताय, ते दिसतंय. थोडंच राहिलं आहे. एवढीच पट्टी.

यंदा जूनच्या सुरुवातीला मनोर रस्त्यावरच्या कामावर स्लॅब चालू होता. फोरमन भाग्येश, आणि फोरमन म्हणून त्याचा तो पहिलाच स्लॅब. मी इथे सरावलीत होते. दुपारी मला पूर्वेला ढग दिसला आणि मी त्याला फोन लावायला मोबाइल काढला, तर त्याचाच फोन आला.

"मॅडम, उतरवले सगळ्यांना."

"हूटर वाजवलात?"

"नाय. हूटरचं काय खरं हाय? मी नुसतं वरडलो, सावेकाकांनी थांबवला तसा थांबवतोय, उतरा."

"उतरले?"

"लगेच."

"कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"एक दोघं बोलले ना. नवशिका हाय म्हनाले, घाबरला म्हनाले."

"मग?"

"मी म्हटलं, जावा, सावेकाकांना पन नवशिका म्हनून या. मग गप बसले."

मी फोन ठेवला. थांबवायला लागणारं धाडस माझ्या प्रशिक्षणातून त्या मुलाला मिळालं नव्हतं. प्रशिक्षण मी चांगलं देते, तरीही सांगते. आजपासून पुढे या भागातला कुठलाही फोरमन, त्याचा पहिला स्लॅब असो की शेवटचा, अर्ध्यावर थांबला, तर त्याला मान खाली घालावी लागणार नाही. कारण त्याला एक नाव घेता येईल. ते नाव मानपत्रातल्या त्या वाक्यामुळे पुसलं जाऊ नये, म्हणून मी आज तुमचं ऐकलं नाही, काका.

अध्यक्ष महोदयांना विनंती आहे. मानपत्र चौकटीत बसवायला अजून दिलेलं नाही, ही चौकशी मी करून ठेवली आहे. ते वाक्य काढावं आणि त्या जागी असं लिहावं : 'ज्यांनी वेळ आली तेव्हा आपला स्लॅब थांबवला.' शेठ मान हलवत आहेत. ती होकाराची आहे असं मी धरते. काकू, तुम्ही मघापासून डोळे पुसताय, पण हसतही आहात, म्हणजे तुमचीही हरकत नसावी.

काका, आता केळव्याला राहा. वाडी बघा. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर पोफळीवर कोणाला चढवू नका. मागे बघत जा.

मला इथे उभं राहण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे, वसाहतीच्या समितीचे आणि माझं बोलणं हेल्मेटशिवाय ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानपत्र लिहिणाऱ्यांना माझी दुरुस्ती खटकली असेल, तर उदार मनाने पोटात घालावं. मी मोजून बोलणारी आहे. त्यामुळे काकांवरचं प्रेम बोलण्यात कुठे दाखवायचं राहून गेलं असेल, तर ते आहे, एवढं समजून मला क्षमा करावी.

नमस्कार.